राईतली मोळी

पुण्यात शिकायला आलेली ती परदेशी मुलगी कोकणातून घाट चढून आमच्या आहुप्याला आली आणि बंधाऱ्याच्या कामासाठी आमच्याच घरी राहिली. दगड उचलतानाही हसायची. एका सकाळी चुलीसाठी तिनं वाळक्या लाकडांची मोळी आणली, ती थेट देवराईतून!

"अगं पोरी, देवाच्या राईतली काडीबी आमी आणत न्हाई," आई म्हणाली.

ती मोळी घेऊन तशीच माघारी फिरली. आम्ही मागोमाग गेलो. राईत बूट काढून ती एकेक काडी आठवून आठवून जागच्या जागी ठेवत होती.

"टाक की एका जागी!" आई हसून बेजार.

"देवाला सापडलं पाहिजे," ती घाम पुसत म्हणाली.

ती मायदेशी गेली त्याला वर्षं झाली. अजून मी घरात एखादी वस्तू जागेवर ठेवली, की आई विचारते, "पावणी आली का रं?"