ओरिजिनल टोनिंगवाली मंडळी

नाणी जमवायला पैसा लागतो, चिकाटी लागते. किस्से जमवायला मात्र नुसतं नाणी जमवणाऱ्यांत जाऊन बसायचं! मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात शिफ्टवर होतो, तेव्हा दर रविवारी सकाळी कॉलेज रोडला पटवर्धन सरांच्या घरी जाऊन बसायचो. आज माझ्याकडे नाणी साठ-सत्तर आहेत. किस्से विचारू नका.

आम्ही चौघं. सर म्हणजे केमिस्ट्रीचे निवृत्त प्राध्यापक. पिंपळगावचे बापू, द्राक्षांचे व्यापारी. रामकुंडावर पूजा सांगणारे गुरुजी. आणि मी. दोन हजार चार-पाचच्या सुमारास ऑनलाइन लिलावांचं खूळ आलं आणि आम्ही चौघं सायबर कॅफेत बसून व्हिक्टोरिया राणीच्या रुपयांवर बोली लावायला लागलो.

चांदीचं नाणं वर्षानुवर्षं हात न लावता पडून राहिलं, की त्यावर निळी, जांभळी, सोनेरी झाक चढते. आपल्या आया त्याला ‘काळं पडलं’ म्हणतात. आम्ही त्याला टोनिंग म्हणतो आणि दुप्पट पैसे देतो! मात्र रंग आपसूक चढलेला हवा, कुणी चढवलेला नको. आणि हा फरक ओळखायचे फक्त सर. डोळ्याला भिंग लावायचे आणि एका शब्दात निकाल द्यायचे. ‘ओरिजिनल’, ‘बनावट’, नाहीतर ‘धुतलंय’! त्यावर अपील नाही. कॉलेज सुटलं होतं, गुडघे गेले होते. सरांकडे उरली होती ती ही नजर, आणि त्या नजरेच्या जोरावरच ते ताठ बसत होते.

*

माझी पहिली ऑनलाइन खरेदी. फोटोत राणीचा मुखडा असा की बघत राहावं! मी कौतुकाने प्रिंट आणून दाखवली.

बापूंनी ती उलटी करून पाहिली. मागे अर्थातच कोरा कागद. “एकाच बाजूचा फोटो हाय? द्राक्षाच्या पेटीत वरच्या थरात कुणी फुटका मणी ठेवतं का हो?”

आम्ही हसलो. द्राक्षवाल्याला नाण्यातलं काय कळणार! आठवड्याने कुरिअर आलं. मागच्या बाजूला सोनाराने डाग दिल्याची मोठी गाठ. कधीकाळी कुणीतरी कडी लावून ते गळ्यात घातलं होतं. मी डोक्याला हात लावून बसलो, तर आमची ही म्हणाली, “परत कडी लावून मिळेल का हो? छान दिसेल.”

*

गुरुजींचं नाणं आलं ते तव्यासारखं काळं. फोटोत मात्र मोरपिसाचा रंग होता. गुरुजींनी विकणाऱ्याला चार पानी ईमेल लिहिली. त्यात धर्म होता, कर्म होतं, पुढच्या जन्माचाही उल्लेख होता.

उत्तर दोन ओळींचं आलं. “फोटो उन्हात काढला होता. तुम्हीही उन्हात बघा.”

गुरुजी भर दुपारी गच्चीवर जाऊन नाणं हातात घेऊन फिरले. पुढच्या रविवारी जरा खजील होऊन म्हणाले, “दिसतो हो! पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं ना, की दिसतो!”

*

त्यानंतर गुरुजींनी ठरवलं, विकत कशाला घ्या, रंग आपणच चढवावा! बापूंनी सल्ला दिला, “डब्यात चिरलेला कांदा ठेवा, त्यात नाणं टाका. आठ दिवसांत लय भारी रंग येतो.”

सल्ला बरोबर होता. वेळ चुकली. चातुर्मास चालू होता आणि गुरुजींच्या घरात तेव्हा कांदा-लसूण बंद. तिसऱ्याच दिवशी पोथ्यांच्या कपाटातून वास सुटला. त्यांच्या आईंनी जाब विचारला. आता खरं सांगावं, तर ते फिरत फिरत सरांपर्यंत जाणार! गुरुजींनी सरळ मान खाली घातली आणि म्हणाले, “कांदा मी खाल्ला.” एक दिवस निर्जळी उपास करावा लागला त्यांना.

एवढं सोसून त्यांनी नाणं सरांसमोर ठेवलं. “एका यजमानाने दक्षिणेत दिलं,” असंही सांगितलं. सरांनी भिंग उचललंच नाही. नाणं नाकाशी नेलं.

“पिंपळगावचा दिसतोय,” सर म्हणाले. “उन्हाळ कांदा.”

*

एकदा निफाडकडचे एक शेतकरी पत्ता शोधत आले. आजोबांच्या वेळचं नाणं होतं. रुमाल सोडला तर आत स्टीलच्या चमच्यासारखं लख्ख!

“तुमच्यासारख्या मोठ्या मानसाला दाखवायचं, म्हनून काल राखेनं चांगलं घासलं,” ते म्हणाले.

सर डोळे मिटून बसले. शेतकऱ्याला वाटलं, सरांना नाणं आवडलं नाही. “घरी आजून एक हाय. काळं पडलंय पार. त्येबी धुऊन आनतो.”

सरांचे गुडघे दुखतात ही अफवा असावी असं मला त्या दिवशी वाटलं. ते उडी मारून उभे राहिले. “धुऊ नका! हात जोडतो, पाणीसुद्धा लावू नका!”

पुढच्या रविवारी ते गृहस्थ दुसरं नाणं घेऊन हजर. “पानी लावलं नाय बरं का साहेब,” ते अभिमानाने म्हणाले. “निस्तं लिंबू चोळलं.”

*

आणि मग सरांनीच ऑनलाइन एक रुपया घेतला. दोन महिन्यांची पेन्शन गेली. गडद निळा, कडेला जांभळा. सर अर्धा तास भिंगातून बघत होते. मग म्हणाले, “ओरिजिनल. शंभर वर्षांचं टोनिंग आहे हे.”

बापूंनी मान तिरकी करून पाहिलं. “सर, रंग लयच एकसारखा हाय. झाडावर असा माल येत नाय.”

“बापू, ही द्राक्षं नाहीत!” सर कडाडले. “बनावट निघालं, तर हे भिंग तुम्हाला देऊन टाकीन. पुन्हा कुणाच्या नाण्याला हात लावणार नाही!”

तेवढ्यात दिवाळी आली. वर्षातलं सगळ्यात भारी नाणं लक्ष्मीपूजनात मांडायचं ही सरांच्या घरची रीत. अक्षता वाहायच्या, पण पाणी लावायचं नाही, हा सरांनी त्याला जोडलेला नियम. पूजन शनिवारी झालं. रविवारी आम्ही फराळाला गेलो, तर सरांच्या तळहातावर पांढराफटक रुपया!

“हिने घासलं!” सरांनी तो आमच्यासमोर धरला. “शंभर वर्षांचा रंग एका दिवसात घालवला!”

काकू चकल्यांची ताटली घेऊन उभ्या होत्या. “हो, माझ्याच हातून झालं,” त्या म्हणाल्या. “चांदीचं म्हणून टूथपेस्ट लावून घासलं. मला काय कळतंय त्यातलं!”

गुरुजी चुकचुकले. मीसुद्धा मान हलवली, आज त्याची लाज वाटते. बापू म्हणाले, “जाऊ द्या सर. वहिनींना काय म्हाईत. तुमच्या नजरेला कोन नाव ठेवतंय!” सर जरा सावरून बसले.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर चिनी मातीची एक वाटी होती. त्यातलं पाणी शाईसारखं निळं. वर दोन-चार अक्षता तरंगत होत्या, त्याही निळ्या.

मागून काकू आल्या. मी वाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“देवीला कोरडं कसं ठेवायचं?” त्या हळूच म्हणाल्या. “एक पळी पाणी घातलं होतं. साधं.”

बाहेर सर गुरुजींना समजावत होते, “अहो, ओरिजिनल होतं म्हणून तर एवढा जीव तुटतोय!”

काकूंनी वाटी सिंकमध्ये ओतली, नळ मोठा सोडला आणि ती दोनदा विसळली.

“चकली घेतली नाहीत तुम्ही,” त्या म्हणाल्या. “यंदा छान खुसखुशीत झालीय.”