पत्र्याखालची वीतभर फट

आमच्या वस्तीतली घरं पक्की झाली ती भांडून. कुणी दया केली नाही. दोन वर्षं मी पनवेलभर पत्रकं वाटली, मासळीबाजारात, एसटी स्टँडवर, पार पळस्प्याच्या नाक्यापर्यंत. शेवटचं पत्रक मीच लिहिलं. त्यात एक ओळ होती : ‘भिंत थेट पत्र्यापर्यंत घ्या, फट ठेवू नका. उंदीर, डास, धूळ सगळं बाहेर!’ ओळ जोरदार होती. लिहिण्याआधी मी ना डॉक्टरला विचारलं, ना गवंड्याला.

आमचं घर म्हणजे एक खोली. त्यात आई, वडील, मी आणि आत्या. आत्या उरणहून आलेली. नवरा गेल्यावर भावाकडे राहायची आणि बाजारात मासळी विकायची. तिला दमा होता, पण कुडाच्या घरात तो पावसाळ्यात डोकं वर काढायचा आणि आपला आपण जायचा. कुडातून वारा यायचा, पाऊसही यायचा. आम्हाला त्या घराची लाज वाटायची.

श्रावणात विटांच्या भिंती उभ्या राहिल्या. तिन्ही बाजूंना शेजाऱ्यांची घरं खेटलेली, त्यामुळे खिडकी कुठे काढणार? मोजणीला आलेल्या सरकारी साहेबाच्या कागदावर भिंत, छप्पर, फरशी असे रकाने होते. खिडकीचा रकानाच नव्हता. फोटो काढला आणि साहेब गेले. म्हातारा गवंडी मात्र पत्र्याखाली वीतभर जागा सोडून थांबला.

“हे असंच राहू द्या. आणि गिलावा दिवाळीपर्यंत सुकू द्या, रंगाची घाई नको.”

“गणपती काय उघड्या भिंतीत बसवू?” वडील म्हणाले. “आनि त्या फटीतून वारा आला का समई इजते. पाच दिवस इजली नाय पायजे.”

मी पत्रकातली ओळ गवंड्याला वाचून दाखवली. गवंडी हसला. “ताई, तुमी शिकलेल्या,” म्हणाला, आणि फट बुजवली. ओल्याच गिलाव्यावर वडिलांनी आणि मी गुलाबी ऑइल पेंट मारला. आमच्या गल्लीत सगळ्यांनीच तसं केलं. चकाचक दिसत होतं.

गणपती बसले. घरात समई, धूप, मोदकांसाठी सकाळपासून रॉकेलचा स्टोव्ह. समई खरंच हलली नाही, कारण हलायला हवाच नव्हती. दुसऱ्या दिवशी भिंतींना घाम फुटला. देवाच्या मखरामागे रंगाला फोड आले, बोट लावलं की पाणी. आत्या आडवी होईना. रात्रभर गुडघ्यांवर उशी घेऊन बसायची आणि तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. विचारलं की म्हणायची, “पाहुने येतायत घरात, तू माझ्याकडं नको बघू.”

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचे ओठ निळसर दिसले. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. तोंडावर वाफेचा मास्क चढवून डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं.

“घरात नवीन काय केलंत?”

मी अभिमानाने सगळं सांगायला लागले. पक्की भिंत, फरशी, रंग. सांगता सांगताच माझा आवाज बसत गेला.

“वारा कुठून येतो?”

“येत नाही.”

“मग ती ओल आणि तो धूर कुठे जाणार? यांच्या छातीत. औषध देते मी. पण त्याच खोलीत नेणार असाल, तर उद्या परत आणाल.” ‘आणाल’ म्हणताना त्या क्षणभर थांबल्या. ‘आणता आली तर’ हे मला त्या थांबण्यातच ऐकू आलं.

परतताना आत्या रिक्षात अर्धं हसली. “बोंबलाला पन वारा देतो आपन. मला ठेवलंय वल्या भिंतीत.”

मी तिला शेजारच्या ओट्यावर बसवलं आणि हातोडा, छिन्नी काढली. वडील दारात आडवे आले.

“देव बसलाय घरात! अजून दोन दिस हायत. गौरी यायच्यात. आज भिंतीला हातोडा?”

“दोन दिवस आत्या थांबेल का?”

“मग तुज्या त्या कागदात कशाला लिवलंस?”

सरकारला, साहेबांना, बिल्डरला द्यायला माझ्याकडे कायम उत्तर असायचं. मी म्हटलं, “चुकलं.” हा शब्द मी त्याआधी घरात कधी उच्चारला असेल असं वाटत नाही.

आईने समई उचलून मखराच्या आडोशाला ठेवली आणि गणपतीवर स्वच्छ पंचा धरला. मी स्टुलावर चढले. मागच्या घराचा पत्रा आमच्यापेक्षा हातभर खाली होता, तिकडे मोकळं आभाळ होतं. मी वेड्यासारखी विटेवरच घाव घालत होते. चार घाव वडिलांनी बघितले.

“उतर. ईट फुटंल नि भित खाली येल. सांध्यात मारायचा.”

त्यांनी माझ्या हातातून छिन्नी ओढून घेतली. सिमेंट अजून कच्चंच होतं, ढेकळासारखं सुटलं. मागची फट मोकळी झाली, मग दारावरची. खोलीतून वारा आरपार गेला आणि धुपाचा वास गल्लीत गेला. पलीकडची बाई ओरडली, “अगो, काल बांधलं नि आज फोडता?” तिच्या घरातली फटही माझ्याच सांगण्यावरून बुजवलेली होती. मी तिला म्हटलं, “येते तुझ्याकडे, उद्या.” ती म्हणाली, “हातोडा घेऊन आलीस तर दारात उभी करनार नाय.”

दुपारभर आत्या ओट्यावरच होती. आत यायला घाबरत होती. तिन्हीसांजेला आली, भिंतीपासून लांब, दारापाशी चटईवर कुशीवर झाली. दोन दिवसांत पहिल्यांदा आडवी. शिट्टी कमी झाली होती, थांबली नव्हती. ते वाफेमुळे की वाऱ्यामुळे, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

आरतीला शेजारची माणसं जमली. वडिलांनी झांजा उचलल्या, आत्याकडे बघितलं आणि खाली ठेवल्या. “हळू म्हना रे,” म्हणाले. सगळ्यांनी जवळजवळ कुजबुजत आरती म्हटली. मी म्हटली नाही. मी देवाकडे पाठ करून बसले होते आणि तिची पाठ वर होते, खाली जाते, पुन्हा वर होते का, एवढंच बघत होते.