पत्रकातल्या दोन रेषा

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा हडपसरच्या एका कारखान्यात लेथवर होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहीत. शाळेत जायच्या आधी मला 'निषेध', 'एकजूट' आणि 'व्यवस्थापन' हे शब्द ओळखता येत होते. 'कमळ' आणि 'बदक' नंतर आले. चौथीत गेल्यापासून पत्रकाचा कच्चा मसुदा सगळ्यात आधी माझ्या हातात येऊ लागला. संध्याकाळचा चहा झाला की बाबा दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद माझ्यापुढे धरत आणि म्हणत, "घ्या, कॉम्रेड." मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारी, लांब वाक्यं तोडी आणि पुढेपुढे माझी स्वतःची एखादी ओळही त्यात घुसवी. ती छापून आली की मला दिवसभर कुणाशी धड बोलता येत नसे. मिरवावं असं आमच्या घरात दुसरं काही नव्हतं आणि मला नकोही होतं. बाबांची पहिली वाचक मी होते.

बारावीत ती, वर्गातली नवी मुलगी, माझ्या बाकावर आली. तिच्या घरच्यांची शेती हडपसरच्या पलीकडे, नुकत्याच महापालिकेत आलेल्या गावात. निम्मी जमीन बिल्डरला गेली होती आणि जिथं ऊस होता तिथं एका कॉम्प्युटर कंपनीची काचेची इमारत वर येत होती. ती नव्या स्कूटरवरून कॉलेजला येई, आणि आमची कामगार वसाहत वाटेवरच असल्यामुळे तिनं पहिल्याच आठवड्यात मला मागं बसायला सांगितलं. त्या इमारतीविरुद्ध आम्ही पत्रक काढलं होतं. 'सुपीक जमीन काचेखाली गाडली जात आहे' ही त्यातली ओळ माझी. उगाच गैरसमज नको म्हणून मी ते तिला स्कूटरवर बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "आमच्या घरी आलं होतं की ते. आईनं त्यावर शेंगा सोलल्या. बस लवकर, पहिला तास गणिताचा हाय."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

दिवाळीनंतर लिनिअर प्रोग्रॅमिंगचा धडा सुरू झाला. त्यातलं प्रत्येक गणित कारखानदारापासून सुरू होई. एक कारखानदार टेबलं आणि खुर्च्या बनवतो. जोडणी खात्यात कामगारांचे आठवड्याला जास्तीत जास्त इतके तास मिळतात, रंग खात्यात जास्तीत जास्त इतके. टेबलावर इतका नफा, खुर्चीवर इतका. तर नफा जास्तीत जास्त व्हावा म्हणून टेबलं किती बनवावीत आणि खुर्च्या किती? मग आलेखाच्या कागदावर प्रत्येक अटीची एक रेषा काढायची. रेषेची एक बाजू चालते, दुसरी चालत नाही. सगळ्या अटींना चालणारा जो तुकडा मध्ये उरतो, त्याच्या कुठल्यातरी कोपऱ्यात सगळ्यात मोठा नफा बसलेला असतो.

वर्गातल्या बाकीच्यांसाठी हे हमखास मिळणारे मार्क होते. मला तो अपमान वाटे. अख्ख्या धड्यात कामगार यायचा तो फक्त तासांच्या रूपात. त्याला ना पगार, ना जेवणाची सुट्टी. त्यात आमच्या घरी त्या दिवसांत वेगळंच चाललं होतं. बाहेरचा माल स्वस्तात येऊ लागल्यापासून बाबांच्या कंपनीचं काम आटलं होतं आणि कामगारांना आठवड्यातून दोन दिवस ले-ऑफ म्हणून घरी बसवत. आम्हाला हवी होती ती 'कमीत कमी इतकं तरी काम' अशी हमी. आणि पुस्तक सांगत होतं, जास्तीत जास्त.

चाचणी परीक्षेत मी तेच लिहिलं. समजून-उमजून दोन्ही खात्यांची 'जास्तीत जास्त'ची चिन्हं उलटी करून 'कमीत कमी'ची केली आणि खाली टीप दिली की कामगाराला किमान इतकं काम मिळणं हा त्याचा हक्क आहे. मग रेषांच्या वरची बाजू रंगवली. तो तुकडा वर आणि उजवीकडे कागदाच्या कडेपर्यंत उघडाच राहिला. त्यात सगळ्यात मोठा नफा असा सापडेना. जेवढं वर जावं तेवढा तो वाढतच होता. मी प्रामाणिकपणे उत्तर लिहिलं: नफ्याला मर्यादा नाही.

पेपर परत देताना सरांनी माझा पेपर दोन बोटांत धरला. ते शहरातल्या पेठेतले, आवाज कधीही न चढवणारे.

"आपला कारखाना कुठे आहे?"

मी बाकावरून उठून उभी राहिले.

"नाही, पत्ता द्या. दोन वर्षांत रिटायर होतोय. फंड तिथेच गुंतवीन म्हणतो."

वर्ग हसला. ती हसली नाही, तिच्या पेपरात बघत बसली. तिला पैकीच्या पैकी होते. माझ्या मनात काही टोचायला लागलं ते त्या दिवशी. मी चूक होते असं मला वाटत नव्हतं. तिचा आलेख बघून टोचलं. मी कोपऱ्यामागून कोपरा काढून, प्रत्येकाचा हिशेब मांडून उत्तराला पोचायची. ती नफ्याची एक तिरकी रेषा ओढायची, तिच्यावर पट्टी ठेवायची आणि तिरकेपणा न बदलता पट्टी हळूहळू वर सरकवत न्यायची. तुकडा सोडण्याआधी पट्टी ज्या कोपऱ्याला शेवटची टेकली, तिथं उत्तर. बोर्डाला हवा असलेला हिशेब ती नंतर, सरांची समजूत काढावी तशी लिहून टाकी. तिचा हात कधी थांबायचा नाही. मी बाकावर शेजारी बसून तो हात बघायची आणि माझं खोडरबर झिजत राही.

एका रविवारी ती आमच्या घरी अभ्यासाला आली. तिच्याकडे म्हणे बिल्डरची माणसं यायची होती आणि घरभर पाहुणे होते. आईनं तिला पोहे माझ्याआधी दिले, ते ठीक. ती पाहुणी होती. पण पोहे खाताना तिनं बाबांना माझ्या पेपराची गोष्ट सांगितली. मी ती घरात कुणाला सांगितली नव्हती.

"काका, हिनं मालकाला पार मोकळं सोडलं."

"ते कसं?"

"कामगाराला कमीत कमी इतकं काम पायजे, हे लिहिलं हिनं. बरोबर हाय ते. पन जास्तीत जास्त किती, ते कुठंच न्हाई. मग तो रात्रंदिवस राबवून घेईल की. आठ तासांची रेघच पुसली हिनं."

बाबा हसले. त्या महिन्यांत ते फारसे हसत नसत, आणि हे हसू तर पोटातून आलेलं होतं. त्यांना डोळे पुसावे लागले. "आठ तासांसाठी माणसं मेली," ते म्हणाले, "आणि आमच्या कॉम्रेडनं ते चाचणी परीक्षेत घालवले."

ती म्हणत होती ते खरं होतं. मी कितीतरी पत्रकं वाचून काढली होती आणि ते मला दिसलं नव्हतं. माझ्या एकाही ओळीवर बाबा असे हसले नव्हते. माझ्या ओळी वाचून ते मान हलवत, गंभीर होत. हसावं असं मी त्यांना कधी काही दिलंच नव्हतं.

"तू कसं करतेस ते बघू," बाबा तिला म्हणाले. तिनं वहीत रेषा काढल्या. "बांध असतो ना काका, तसं. कुठल्या अंगाला आपलं, ते आधी बघायचं. समदे बांध झाले की मधी उरतं ते आपलं रान." तिची प्लॅस्टिकची पट्टी वाकडी होती. बाबा उठले, हत्यारांची पेटी उघडली आणि त्यांची सहा इंची स्टीलची पट्टी पुसून तिच्या हातात दिली. मी लहानपणी त्या पट्टीला हात लावला म्हणून मला रट्टा बसला होता. तिनं ती कागदावर ठेवली आणि सरकवत नेली. बाबा तिच्या हाताकडे मान वाकवून बघत होते, ते लेथवर कातल्या जाणाऱ्या जॉबकडे बघत असतील तसे.

त्यानंतर ती दर रविवारी येऊ लागली आणि ती पट्टी पेटीत परत गेली नाही.

संक्रांतीच्या सुमारास कंपनीनं स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लावली. तीत स्वेच्छा कितपत होती ते पहिल्याच आठवड्यात कळलं. एकेका कामगाराला साहेबाच्या केबिनमध्ये बोलवत, दार लावून घेत आणि सही केल्याशिवाय दार उघडत नसे. धड बोलता न येणारी माणसं आधी निवडली होती. दुसरीकडे, मशिनं हळूहळू बाहेर हलवायची तयारी चालली होती. मशिनच नसलं तर कुठला कामगार थांबणार? बाबा दोन संध्याकाळी मान वर न करता लिहीत होते. पत्रक मोठं झालं. त्यात अकरा मागण्या होत्या आणि शेवटचा परिच्छेद मी आधीच मनात जुळवून ठेवला होता.

रविवार होता. चहा झाला. मी हात पुसून बसले. ती पलीकडे वही उघडून बसली होती. बाबांनी कागद उचलला आणि तिच्यापुढे धरला.

"बघा, कॉम्रेड. तुमची पट्टी फिरवा यावर."

चेष्टेत म्हणाले, हे मला कळत होतं. पण कागद तिच्या हातात होता.

तिनं तो सावकाश वाचला. मग परत पहिल्यापासून वाचला. आई आत कुकर लावत होती. मी सतरंजीचा एक दोरा ओढत बसले होते.

"काका, विचारू का? परदेशी भांडवलाचा निषेध केलाय, ते तुमच्या सायबाला कुठं आडवं येतंय?"

"म्हणजे?"

"म्हंजे ही रेघ काढली काय अन् न काढली काय, तो तिथंच जानार जिथं त्याला जायचंय. ही पन तसलीच, कँटीनच्या चहाची. ही पन." तिनं पेन्सिलीनं बारीक खुणा केल्या. "ही एक आडवी येतीय. दार लावून एकेकट्याला बोलवायचं न्हाई. अन् बोलणी होईस्तोवर मशीन हलवायचं न्हाई, ही. या दोनच. बाकीच्या काढल्या तरी कोपरा तोच राहतो."

"पत्रक म्हणजे गणित नाही," मी म्हणाले. "आपण का लढतोय ते त्यात सांगायचं असतं. जग कुठं चाललंय ते."

"सांग की. पन ज्याला उद्या केबिनमध्ये बोलवनारेत, तो कुठवर वाचंल?"

"जमीन विकून मोकळे झालेल्यांनी शिकवू नये."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. बाबा कडक आवाजात म्हणाले, "कॉम्रेड." या वेळी मला म्हणाले.

"आम्ही विकली ना," ती शांतपणे म्हणाली, "तवा आमच्या आबांनी बी लई अटी घातल्या होत्या. देवळापुरती जागा, आंब्याची झाडं, गावच्या पोरांना नोकऱ्या. बिल्डरनं समद्या मान्य केल्या. एकबी त्याला आडवी येत नव्हती."

मग तिनं माझा परिच्छेद मोठ्यानं वाचला. बाबांनी तो आदल्या दिवशी माझ्याकडून ऐकून शेवटी उतरवला होता. 'काचेच्या इमारतींच्या सावलीत धुराड्यांचा श्वास कोंडतो आहे.'

"हे छान हाय," ती म्हणाली. "पन आडवं येत न्हाई."

बाबांनी स्टीलची पट्टी घेतली आणि पट्टीच्या कडेनं एकामागून एक नऊ मागण्या सरळ रेषेत खोडल्या. शेवटी माझा परिच्छेद.

पत्रक अर्ध्या पानाचं झालं. मी ते गेटवर वाटलं. इतकी वर्षं लोक पत्रक घडी करून खिशात घालत आणि दुपारी त्यावर डबा ठेवत. या वेळी सायकली हातात धरून, उभ्या उभ्या वाचत होते. एकानं दुसऱ्याला वाचून दाखवलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी माझी ओळ शोधत होते, ती तिथं नाही हे माहीत असून.

पहिली मागणी आठवड्यात मान्य झाली. केबिनमध्ये बोलावणं बंद झालं आणि त्यासाठी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर टेबल मांडलं गेलं. दुसरीवर नुसती बोलणी लांबत राहिली. परीक्षा जवळ आली तशी ती इंजिनीअरिंगच्या प्रवेशाच्या क्लासला जाऊ लागली आणि रविवारी येईनाशी झाली. आता ती तसल्याच एका काचेच्या इमारतीत बसते, आणि मी पत्रकं लिहिते. पत्रकातून जग काढून टाकलं की उरतो तो अर्ज, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. तरी पत्रक लिहिताना कुठल्या दोन ओळी समोरच्याला खरोखर आडव्या येतात, हे मी आधी बघते, आणि ते बघताना मला अजून तिचा राग येतो.

त्या वर्षी फेब्रुवारीत मशिनांचा पहिला ट्रक बाहेर पडला. त्या संध्याकाळी बाबांनी नवा मसुदा लिहिला. चहा झाला. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "घ्या, कॉम्रेड."

"तिनं बघितला?"

"तिला कुठं वेळ आहे आता."

म्हणजे वेळ असता तर. मी कागद घेतला. मसुदा लांब होता, आणि खोडलेला माझा परिच्छेद बाबांनी शेवटी परत घातला होता, शब्द न् शब्द, बहुतेक माझ्यासाठी. मी पट्टी मागितली. त्यांनी दिली. ती मला वाटली होती त्यापेक्षा जड होती. मी ती कागदावर वरपासून सरकवत आणली, माझ्या ओळीखाली थांबले आणि ओळ खोडली.

"अगं, छान होतं ते," बाबा म्हणाले.

"छान होतं," मी म्हणाले. "पण आडवं येत नव्हतं."

बाबा हसले. तेच, पोटातून आलेलं हसू. ते मला बघून हसले की तिचं वाक्य ओळखून, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.