सात नंबरची जर्सी

मैदानाशेजारच्या टपरीवर चहा पिताना आम्हा जुन्या कबड्डीपटू बायकांचा वाद रंगला होता. आमच्या मंडळात सात नंबरची जर्सी घालून सगळ्यांत भारी कोण खेळली? कुणी शैलाचं नाव घेतलं, कुणी मंदाचं. नंदाचं नाव मात्र कुणीच घेतलं नाही. तीच जर्सी घालून चढाईला गेलेली नंदा पकडीत मानेवर पडली आणि पुन्हा उठलीच नाही. तिची आई आमच्यातच बसली होती.

"माझ्या पोरीला का गं वगळता?" मावशींनी अचानक विचारलं.

"तुम्हाला त्रास होईल म्हणून, मावशी," मी म्हणाले.

"त्रास कधी थांबलाय? बोला की तिच्याबद्दल."

शैला चाचरत म्हणाली, "चढाईत ती कुणाच्या हाती लागायची नाही. पण पकडीला कच्ची होती."

मी दचकले. गेलेल्या माणसाला आपण किती घाईने वादातून बाहेर काढतो! फोटोला हार घातला, की त्याची चूकसुद्धा कुणी काढत नाही.

मावशींचे डोळे भरून आले होते.

"कच्ची कशी?" त्या ताडकन म्हणाल्या. "शेवटच्या वर्षी किती सुधारली होती ती!"