रेवतीअक्काचं अपुरं वर्ष

भावोजींचा फोन आला तेव्हा मी कुंभकोणमहून परतताना बसमध्ये होतो. "रेवती गेली," एवढंच म्हणाले. हृदय बंद पडलं होतं... रेवतीअक्का माझी थोरली बहीण. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आम्ही वाढलो. पुढे तिने हवेतले वायू मोजण्यात जन्म घालवला.

पापनाशमजवळ जमिनीखालच्या खोल खडकात कारखान्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड साठवायचं घाटत होतं. पुढे गळती झाली तर ओळखू यावी, म्हणून त्याआधी तिथली मूळची हवा वर्षभर मोजायचं काम अक्काकडे आलं. गावकरी बिथरले होते. वर्ष पुरं झाल्याखेरीज खाली काही भरणार नाहीत, असा शब्द तिने तमिळमध्ये सगळ्यांना दिला. त्या शब्दावर गावातल्या कमलाम्मांनी मोजणीच्या मनोऱ्यासाठी आपल्या नारळीबागेत जागा दिली.

कालव्यांना पाणी सुटायच्या आतच वरून हुकूम आला, झालं तेवढं पुरे, मनोरा काढा. अक्का आपल्या साहेबांशी भांडली. "भात पाण्यात उभं राहिलं की चिखलातून वायू सुटतात, इथली हवाच बदलते. ती मोजली नाही, तर उद्या गळती झाली तरी तुम्ही ती शेतांच्याच माथी माराल."

"मॅडम, तेवढं अंदाजाने भरता येतं," साहेब म्हणाले.

तिने अहवालावर सही केली नाही. दुसऱ्या कुणी केली. तिची बदली झाली. घरी आम्हाला तिने सांगितलं, पण बाहेर बोलायची बंदी होती, ती शेवटपर्यंत पाळली. गावाला मात्र एवढंच दिसलं, की मनोरा गेला आणि शब्द देणारी बाई फिरकलीसुद्धा नाही... एकदा बाजारात कमलाम्मांनी तिला पाहून तोंड फिरवलं. त्या दिवशी अक्का जेवली नाही.

शोकसभेत त्याच साहेबांनी सांगितलं, या योजनेचा पाया रेवती मॅडमनी घातला. मी उठून बाहेर आलो.

गेल्या आठवड्यात कमलाम्मांकडे जाऊन सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "हे तिने आम्हाला सांगायचं नाही? आम्ही तिला शिव्या देत राहिलो." मग त्या मला बागेत घेऊन गेल्या.

बागेत मनोऱ्याचा चौथरा तेवढा उरलाय. भोवतीची शेतं पाण्याने तुडुंब. मी चौथऱ्याच्या अलीकडे थांबलो, तशी त्यांनी दंडाला धरून मला दुसऱ्या अंगाला नेलं. वारा येतो त्या बाजूला उभं राहिलं तर आपला श्वास यंत्राच्या नळीत शिरतो, हे अक्काने त्यांना शिकवलं होतं. मोजणारं तिथे काहीच नव्हतं, तरी आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो...