बूट कसून बांध

बापू कान्हेरे रांझीच्या कारखान्यात लेथवर उभे राहिले ते थेट रिटायर होईपर्यंत. तिथला पहिला धडा बुटांचा. लेस सुटून मशीनमध्ये अडकली की पायच गेला, म्हणून कचकचीत आवळायची आणि टोकं आत खोचायची. आता हा नियम लेथचा, सायकलचा नव्हे, हे त्या माणसाला कोण सांगणार? स्वतः तर कारखान्याच्या बसने जायचे.

मुलगी प्रणोती सायकलच्या शर्यतीत उतरायला लागली, मदन महालच्या चढावर भल्याभल्यांना मागे टाकायला लागली, तशी बापूंची छाती फुगली. रोज पहाटे अंगणात गुडघे टेकून ते स्वतः तिचे बूट बांधायचे. माया होती हो ती, नाही कोण म्हणतो?

"बाबा, लांब गेलं की पायाची बोटं बधिर होऊन राहिली," ती म्हणायची.

"बूट ढिला राहत असेल. अजून कसून बांधू."

"पोरगी काय सांगून राहिली ते ऐका तरी," बायको हेमलता बोलली, तर बापूंनी तिलाच गप्प केलं. पुढे प्रणोती तक्रार करेनाशी झाली. आपला इलाज लागू पडला, असं बापूंनी खुशाल धरून टाकलं.

मग राज्याच्या संघासाठी निवडीची शर्यत आली, शहपुऱ्यापर्यंत जाऊन परत. प्रणोतीला त्या संघाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. बापू स्कूटरवर तिच्या मागेमागे. शहपुऱ्याला वळेपर्यंत ती सगळ्यांच्या पुढे होती. परतीच्या वाटेवर तिचा पाय पेडलवरून घसरायला लागला. शेवटी ती रस्त्याच्या कडेला बसली आणि पाय चोळत रडली.

"ऐनवेळी कच खाल्लीस," बापू म्हणाले.

असं बोलावं का लेकीला? पण बोलून गेले. सायकल जिन्याखाली गेली ती गेलीच. प्रणोती लग्न होऊन भोपाळला गेली.

रिटायर झाल्यावर बापूंनी तीच सायकल बाहेर काढली. जरा लांब गेलं की त्यांचीही बोटं मेल्यासारखी व्हायला लागली. शेजारची मीरा फिजिओथेरपिस्ट. तिनं बूट पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"काकाजी, इतना कसके कोई बांधता है क्या? चालवता चालवता पाय सुजतो, नस दबते. एक नंबर मोठा बूट घ्या, लेस सैल ठेवा, मधे मधे बोटं हलवत जा."

नवे बूट घेऊन, लेस सैल सोडून बापू शहपुऱ्याच्या रस्त्याला लागले. बरंच अंतर गेलं तरी बोटं जागी होती, करंगळीसुद्धा. बापूंनी सायकल थांबवली आणि पुलाच्या कठड्यावर बसले. एवढंच करायचं होतं. एवढ्यासाठी पोरीची सायकल सुटली, आणि वर आपण तिलाच बोल लावला. त्यांनी तिथूनच भोपाळला फोन लावला.

"प्रणोती, चूक माझी होती गं. लेस सैल पाहिजे होती."



"मला माहीत होतं, बाबा. रोज गल्लीच्या वळणावर मी सैल करायची. घरी यायच्या आधी परत आवळायची."

"मग त्या दिवशी काहून नाही केली?"

"त्या दिवशी तुम्ही मागे होता ना."