चार हात लांब

बबलमामा कुणालाच जवळ येऊ देत नसत. कामाच्या टेबलापासून चार हातांवर त्यांनी फरशीवर पिवळी रेघ मारून ठेवली होती. खुद्द मालकांनी ती ओलांडली तरी मामा मान न वळवता म्हणत, "साहेब, मागं व्हा. बबल सरकतोय." नव्या माणसाला वाटे, म्हातारा शिष्ट आहे. मलाही वाटलं होतं.

रोह्याच्या आमच्या कारखान्यात जमीन मोजायच्या दुर्बिणी बनत. कालव्याचा उतार असो की खाडीचा बांध, उंची त्यांतूनच बघायची. दुर्बीण आडवी सपाट आहे की नाही, हे तिच्यावरची काचेची बारीक नळी सांगते. नळीत द्रव, द्रवात बुडबुडा, तोच बबल. तो मध्यावर हवा. पण नळीच्या एका टोकाला माणसाच्या अंगाची ऊब लागली, तरी तो तिकडे सरकतो.

मामा पेणजवळच्या जोह्याचे, गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखणारे. मालकांनी पेणला पत्र्याच्या शेडमध्ये धंदा मांडला, तेव्हा त्यांना इंजिनियर मिळाले, न थरथरणारा हात मिळेना. कुणीतरी मामांचं नाव सांगितलं. "तितं श्वास धरायचा, हितं पण धरायचा. देव तेवढा बदलला," मामा म्हणत. पुढे शेडचा कारखाना झाला, रोह्याला आला. मामा तेवढे होते तसेच राहिले. मामी तर म्हणायच्या, "घरात पण लांबच बसतात गो. सवयच लागलीय."

मी पेणहून पॅसेंजरनं कामाला जायची. तीन महिने काम बघून कायम करणार होते, आणि घरात माझ्या एकटीचाच पगार. शेवटच्या आठवड्यात पाच दुर्बिणी जुळवायला माझ्या हाती दिल्या. बबल काही मध्यावर थांबेना. मी घाबरले, स्क्रू फिरवून मागं सरायचं सोडून आणखी जवळ वाकले, आणि स्क्रू पिळून पिळून त्याला मध्यावर आणलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी पाहिलं, तर पाचही चुकलेल्या. यंत्रं मी माझ्या अंगाच्या उबेला धरून जुळवली होती! मला रडू फुटलं.

"बबल खोटं बोलत नाय गो," मामा म्हणाले. "तू जवळ हायस, एवढंच सांगतो तो."

तेवढ्यात मालक आले. त्यांना मामा म्हणाले, "पोरगी नाय चुकली. रेघ कशापायी मारलीय, ते मीच सांगायचं राहिलं." मला त्यांनी ते दहादा तरी सांगितलं होतं. त्या माणसाचं एवढं एकच खोटं मला माहीत आहे, आणि माझी नोकरी त्याच्यावर टिकली.

मग इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली, आमचा विभाग बंद झाला. पिवळी रेघ नव्या फरशीखाली गेली. मामा एक नळी तेवढी मागून घेऊन घरी गेले.

गेल्या दिवाळीत त्यांना भेटायला जोह्याला गेले. मामा आजारी होते, खाटेवरच असत. नळी उशाशी खिडकीत ठेवलेली. मी सवयीनं दारातच थांबले. मामांनी नळीच्या टोकावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच धरला. बबल जागचा हलला नाही.

"बघ. माझी ऊबच लागत नाय त्याला आता," ते हसले. मग म्हणाले, "ये गो, अशी जवळ ये."

मी गेले, त्यांच्या गार हातावर माझा हात ठेवला. दोघंही श्वास धरून बघत राहिलो. खूप वेळानं बबल हलला.

"सरकतोय," मामा म्हणाले. मागं हो म्हणाले नाहीत.